चढ फोटोत कुठे हरवतो?

"काका, मागच्या रविवारी पायथ्याच्या बुधवार पेठेकडून पन्हाळा चढलो. वर पोचेपर्यंत जीव घशाशी आला. घरी येऊन फोटो बघितले तर रंकाळ्यावर फिरायला गेल्यासारखं सगळं सपाट. आता डिसेंबरात आम्ही तिघं कोकणातल्या नारूर गावाच्या बाजूने रांगणा किल्ला चढणार आहोत. चढ फोटोत दिसावा म्हणून काय करू? लेन्स कुठली घेऊ, किती वाजता निघू, आणि कॅमेरा बदलावा लागेल का?" असं तू विचारलंयस.

काका म्हणालीस, तेव्हा अहो-जाहो करत बसत नाही. लग्नसराईत मांडवात आणि उरलेले दिवस डोंगरात अशी तीस वर्षं गेली. त्यातनं जे हाताला लागलं ते सांगतो. उत्तरांचा क्रम मात्र माझा.

चढ हरवतो यात कॅमेऱ्याचा काही दोष नाही. तू चढावर उभी राहून चढाचा फोटो काढतेस, म्हणून हरवतो. पायथ्यावरून वर बघितलं की वाट आपल्यापासून लांब पळत असते आणि लांब पळणारी गोष्ट फोटोत आखडते. शंभर फुटांची वाट बोटभर होते. तुला ती तेव्हा शंभर फूटच वाटते, कारण पोटऱ्या ओरडून सांगत असतात. फोटोला पोटऱ्या नसतात. वरून खाली बघितलं तरी तेच. दरी कितीही खोल असली तरी तिचा तळ भिंतीवर टांगलेल्या नकाशासारखा येतो. त्यात आणखी एक घोटाळा आपण स्वतः करतो. कललेल्या जमिनीवर उभं राहिलं की हातातला कॅमेराही नकळत त्या उताराला समांतर धरला जातो. झालं, कॅमेऱ्याच्या हिशेबी ती सपाटीच.

बागेतल्या घसरगुंडीवर बसलेल्या पोराच्या पोटात गोळा येतो, पण घसरगुंडी किती उभी आहे ते दिसतं बाकावर बसलेल्या आईला. तुला त्या बाकावर जाऊन बसायचंय. नारूरची वाट सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत गेलेल्या धारेवरून, वळणं घेत चढते. झाडीतून जिथे बाहेर येशील तिथे समोरचा चढ सोडून दे आणि शेजारच्या सोंडेकडे बघ. ती तुला आडवी, कडेने दिसते. आकाशावर तिची रेघ कशी खाली पडत गेलीय ते तिथेच कळतं. तुझ्याच वाटेचा चढ दाखवायचा असेल तर दोघा मित्रांना एक वळण पुढे जाऊ दे, तू अलीकडच्या वळणावर थांब. ते समोरच्या उतारावरून आडवे जाताना दिसतील. माणूस अंगठ्याच्या नखाएवढा आला तरी चालेल, उलट तेवढाच यावा. त्याला लाल किंवा पिवळा शर्ट घालायला सांग. हिरवा-काळा घालून आलेला मित्र रानात विरघळून जातो आणि मग आपण घरच्यांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवत बसतो, "हा बघा, हा इथे आहे."

दुसरी युक्ती गवंड्याची. भिंत सरळ आहे की नाही ते गवंडी डोळ्यांनी ठरवत नाही, ओळंबा सोडतो. डोंगरात ओळंबा म्हणजे झाडाचं खोड. उतार कितीही तिरपा असो, झाड आकाशाकडेच जातं. कोकणाच्या अंगाला ऐन, किंजळ भरपूर. उभ्या उतारावरचं एखादं खोड जवळून बघ. बुडाशी ते कोयत्यासारखं वाकलेलं असतं, कारण कोवळं असताना घसरत्या मातीने त्याला ढकललेलं असतं. हातभर वर गेल्यावर ते सावरतं आणि तिथून सरळ वर जातं. असं एक खोड चौकटीत घे, कॅमेऱ्यातली समपातळीची रेघ चालू कर, खोड चौकटीच्या कडेला समांतर ठेव. त्याच्या मागची जमीन आपोआप जेवढी तिरपी आहे तेवढी तिरपी दिसायला लागते. कॅमेरा वर किंवा खाली फार झुकवलास तर खोडं एकमेकांकडे कलतात आणि ओळंबा खोटा पडतो. म्हणून शक्यतो कॅमेरा समोर धर, आणि वरचं जास्त हवं असेल तर उभी चौकट घे. सह्याद्रीचे फोटो आडवेच काढायचे असा कुठे नियम नाही.

आता माथ्याबद्दल. सगळ्यांना वाटतं, सगळ्यात उंच जागेवरून सगळ्यात भारी फोटो मिळतो. माथ्यावरून बाकी सगळं दिसतं, फक्त तू चढलेला डोंगर दिसत नाही, कारण तू त्याच्यावरच उभी असतेस. पन्हाळ्याचं उदाहरण घे. पुसाटी बुरुजावरून हजार लोकांनी काढलेला फोटो तूही काढला असशील. पण पन्हाळा बघायचा असेल तर पश्चिमेला मसाई पठारावर जायचं आणि दुपार कलल्यावर मागे वळून बघायचं. उतरतं ऊन गडाच्या पश्चिम अंगावर पडतं आणि तटाखालचा कातळ पट्ट्यापट्ट्यांनी वेगळा होतो. रांगण्यावर असं लांबचं पठार तुझ्या वाटेवर नाही. पण गड मोठा आहे आणि त्याची कड वळणं घेत जाते. जिथे कड आत वळते तिथे उभं राहिलं की पलीकडची कड तुला बाजूने दिसते. वर पोचल्यावर रांगणाईच्या देवळात पाच मिनिटं टेकून झालं की मोबाईल घेऊन अशा दोन जागा शोध. मोठा कॅमेरा पिशवीतच राहू दे. मोबाईलवर चौकट जमली तर ती जमलीच, नाही जमली तर तीन किलोचं ओझं काढून काही फरक पडणार नाही.

सगळ्यात जास्त चुका वेळेत होतात.

सह्याद्रीचा कडा कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो. म्हणजे नारूरकडून सकाळी चढताना तू डोंगराच्या सावलीत असशील. चढायला ते सुख आहे, कारण कोकणातलं दहा-अकराचं ऊन डिसेंबरातही अंगाला चिकटतं. पण त्या सावलीत कड्याचा फोटो निळसर, मेल्यासारखा येतो. लोक पहाटेपासून दोनशे फोटो काढतात, बॅटरी निम्मी करतात आणि दुपारी उजेड आल्यावर दमून झोपतात. सकाळी तू दोनच गोष्टींचे फोटो काढ: खाली खोऱ्यात साठलेलं धुकं आणि जवळच्या वस्तू, म्हणजे शेवाळ, मुळं, मित्राचे घामेजलेले खांदे. सावलीचा मऊ उजेड त्यांना मानवतो. कड्याची वेळ दुपारी पावणेचार ते पाच.

तेव्हाच का, हे समजून घे, म्हणजे पुढे कुठल्याही डोंगरावर तुझं तुला ठरवता येईल. कोल्हापूरच्या पोरीला हे अवघड जाऊ नये, आपल्याकडे किरणोत्सव आहे. अंबाबाई पश्चिमेकडे तोंड करून आहे. ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात; पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर, मग मुखापर्यंत. वर्षातून दोनदाच का? कारण सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. उन्हाळ्यात वायव्येकडे सरकतो, थंडीत नैऋत्येकडे. आपल्या अक्षांशावर जूनची मावळती आणि डिसेंबरची मावळती यांत सुमारे ४९ अंशांचा फरक पडतो. जाताना ज्या जागेवरून तो गेला, त्याच जागेवरून परत येतो. २१ डिसेंबरच्या अलीकडे साधारण ४२ दिवस मोज, पलीकडे ४१ मोज. दोन्ही किरणोत्सव सापडतात. डोंगरातल्या प्रत्येक चौकटीलाही अशा दोन तारखा असतात. नोव्हेंबरात ढगांनी घात केला तर मी डायरीत जानेवारीअखेरची तारीख लिहून ठेवतो. उजेड तिथेच येतो. फक्त हवा तेवढी स्वच्छ नसते, ते पुढे सांगतो.

डिसेंबरात तुला तारखेची घाई नाही. साधारण १० डिसेंबर ते २ जानेवारी या काळात मावळतीची जागा एका अंशानेही हलत नाही, सूर्य तिथे रेंगाळतो. मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर तीच जागा रोज जवळजवळ पाऊण बिंबाने सरकते. तेव्हा तुमच्या परीक्षा आणि सुट्ट्या बघून जो शनिवार सोयीचा असेल तो धरा.

डिसेंबरात दुपारी सव्वाचारला सूर्य आपल्याकडे क्षितिजाच्या वर साधारण २२ अंशांवर असतो, आणि थेट पश्चिमेला नसतो. पस्तीसेक अंश दक्षिणेकडे कललेला असतो. कड्यापासून कोकणाकडे धावणाऱ्या सोंडांच्या दक्षिण बाजूवर ऊन तिरकं घासत जातं, उत्तर बाजू सावलीत राहते. एक बाजू उजळ, एक काळी. सोंडेची धार तिथेच उठून दिसते. भाकरीच्या पिठावरून तिरका उजेड गेला की बोटांचे ठसे दिसतात आणि डोक्यावरचा बल्ब लावला की पुसले जातात, तसं. मार्चअखेर हाच सूर्य सोंडेच्या रांगेत मावळतो, दोन्ही बाजूंना सारखा उजेड पडतो आणि तीच सोंड बोथट दिसते. म्हणून रांगण्याला तू निवडलेला महिना उत्तम आहे. माहीत नसताना निवडलास बहुतेक, पण उत्तम आहे.

यावरून माझा एक आगाऊ सल्ला. सूर्यास्त सोडून दे. तुम्हाला तो हवा असणार, कारण रीलमध्ये तोच चालतो. पण सूर्य टेकतो तोवर सोंडा काळ्या पडलेल्या असतात. हातात राहतो एक नारिंगी गोळा. तो गोळा तुला रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून, हातात भेळ घेऊनही मिळतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहा-पाचच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. पुढे रान आहे आणि रानात गवे आहेत. गवा सहसा आपण होऊन अंगावर येत नाही, पण अंधारात वळणावर तू त्याच्या अंगावर गेलीस तर त्याला ते कसं कळणार?

तर घड्याळ असं लाव. आदल्या रात्री कुडाळच्या बाजूला मुक्काम. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास होतो; पावणेसातला नारूरमधून निघायचं, गावातलाच एखादा वाटाड्या सोबत घेऊन. ही वाट झाडीतली आहे, फुटलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेसारख्याच दिसतात. चढायला किती वेळ लागेल याचा एक जुना हिशेब आहे. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला: दर ३ मैलांना एक तास आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात साधारण ५ किलोमीटरला एक आणि ६०० मीटरला एक. समज, नकाशावर वाट ५ किलोमीटर आणि चढ ६०० मीटर निघाला, तर दोन तास. तो धडधाकट, रिकाम्या हातांच्या माणसाचा हिशेब. कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने त्याची दुप्पट धरावी; माझ्या वयाच्याने त्यात चहाही मिळवावा.

आणि चढून गेलेल्या वाटेने उतरू नका. नारूरकडून चढा, घाटमाथ्याच्या बाजूला चिक्केवाडीकडे उतरा. गाडी आधीच पाटगावच्या बाजूला लावायची व्यवस्था करा. गारगोटीवरून पाटगाव, भटवाडी असा रस्ता आहे. या बाजूला उतार बराच सोसणारा आहे. पावणेपाचला गड सोडलात तर उजेडात खिंड ओलांडता येते. पलीकडे गेल्यावर एकदा मागे वळून बघ. आता सूर्य गडाच्या मागे असेल, गड काळा आणि कडेने उजेडाची बारीक रेघ. तिथे तीन फोटो काढ आणि चालू लाग. गडावर राहायचंच असेल तर वनखात्याकडे आधी विचारून परवानगीचं काय ते नक्की करा. "सगळेच राहतात" हे उत्तर रात्री दहाला उपयोगी पडत नाही.

हवेबद्दल म्हटलं होतं. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर, हवा धुतलेली असते. पुढे धूसर होत जाते. आपल्याकडे तर त्याच वेळी गळीत हंगाम पेटलेला असतो. गुऱ्हाळांचा धूर, शेतात पेटवलेल्या पाचटाचा धूर. रात्री गार हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि सगळा धूर पंचगंगेच्या खोऱ्यात कोंडतो. सकाळी जोतिबावरून पूर्वेकडे बघितलंस तर झाडांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या दिसतात. फुप्फुसाला वाईट, फोटोला छान. धूसर हवेचं एक लक्षात ठेव: सूर्य पाठीशी असेल तर ती फोटो मारते, सूर्य समोर असेल तर थर दाखवते. रांगण्यावरून दुपारी कोकणाकडे बघताना सूर्य समोरच आहे, तेव्हा डोंगरांचे थर घे. कड्याच्या कडेकडेने वायव्येकडे वळलीस तर सूर्य काटकोनात येतो. पोलरायझर फिल्टर असेल तर तो तिथेच काम करतो, धूसरपणा बराच कापतो. सूर्याच्या दिशेने तोंड करून फिल्टर फिरवत बसणारे लोक मी बघितलेत. त्यांना वाटतं फिल्टर खराब निघाला.

आता पिशवी. प्रत्येकी तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, ते आधी भर. गडावर तलाव आहे, पण त्या पाण्याच्या भरवशावर चढू नको. मग खाणं: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, भडंग. मग टॉर्च, डोक्याला लावायची, प्रत्येकाची वेगळी. आता जी जागा उरली ती कॅमेऱ्याची. लोक उलटं करतात. एकूण ओझं आठ किलोच्या वर गेलं की मान खाली जाते आणि दिवसभर फक्त स्वतःचे बूट दिसतात. तुझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे म्हणालीस. ती घे. सोबत एक लांब पल्ल्याची घे, ५५-२५० किंवा ७०-३०० यांपैकी हलकी असेल ती. एफ २.८ ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, ७०-२०० मी लग्नात वापरतो, डोंगरात नेत नाही. दीड किलोचा ठोकळा आहे आणि एफ ८ ला, म्हणजे लहान छिद्राने, काढायच्या फोटोत त्या मोठ्या छिद्राचा काही उपयोग नाही. दरी दिसली की सगळे अठरावर जातात, सगळं मावावं म्हणून. सगळं मावतं आणि सगळं बारीक होतं. समोरचं गवत अवाढव्य, डोंगर मुंगीएवढा. बाजूने दिसणारी सोंड शंभर-दीडशे मिलिमीटरवर घेऊन बघ. मागचा डोंगर पुढच्याला येऊन चिकटतो आणि उभेपणा अंगावर येतो. तुझ्या मूळ प्रश्नाला सगळ्यात स्वस्त उत्तर हेच आहे.

तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, न्यायचं का? तुम्ही सूर्यास्ताआधी निघणार असाल तर नको. नेलंसच तर उतारावर दोन पाय खालच्या अंगाला आणि एक वरच्या अंगाला ठेव. मधली दांडी वर ओढू नको. वाऱ्यात त्याला पिशवी टांगतात, ती झोके घेते आणि उलट हलवते. टांगलीस तर जमिनीला टेकेल अशी टांग. हातात धरून काढताना चढून आल्या आल्या काढू नको. दहा मिनिटं थांब. छाती धडधडत असली की कोपरापर्यंत हादरा येतो, दीडशे मिलिमीटरवर तो स्पष्ट दिसतो. शटरचा वेग लेन्सच्या आकड्याच्या पटीत ठेव: दीडशेवर किमान १/१५०, चढून आल्यावर १/३००. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चारशे झाला तर होऊ दे. तालमीतल्या पोरांना श्वास धरायला शिकवतात ना, तसं अर्धा श्वास सोडून मग बटण दाब.

बाकी सेटिंगचं फार नाही. एफ ८, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, आणि उजेडाचा अंदाज पडद्यावरून न घेता हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघून. सकाळच्या धुक्यात कॅमेरा फसतो. पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फार आहे आणि धुकं राखेसारखं काढतो. तिथे उजेड पाऊण-एक स्टॉप वाढव; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. आणि गाडीचा एसी लावून कोकणात उतरलात तर कॅमेरा बाहेर काढल्या काढल्या काचेवर वाफ धरेल. अर्धा तास पिशवीतच राहू दे, पुसत बसू नको.

आता जे सांगतो ते नीट वाच.

साल २००१ असेल. डिजिटल आलं होतं पण माझ्या हातात आलं नव्हतं, रोलवर काम चालायचं. छत्तीस फ्रेम, प्रत्येक फ्रेमला पैसे. गगनबावड्याच्या पुढे एका कड्यावर मी एका झाडाची चौकट लावत होतो. झाडाचा शेंडा कापला जात होता. डोळा कॅमेऱ्याला, आणि एक पाऊल मागे. अजून जरा कापला जातोय; अजून एक पाऊल मागे. तिथे सगळा जांभा. त्याच्यावर बारीक खडा पसरलेला असतो, सायकलच्या छऱ्यांसारखा. टाच टेकली आणि सरकली. कॅमेऱ्यातून झाड वर गेल्यासारखं दिसलं, एवढंच मला आठवतं. पडलो नाही, कारण पिशवीच्या पट्ट्याला मागून हिसका बसला. एक धनगर होता. मी आल्यापासून तो तिथेच बसून माझ्याकडे बघत होता. मला तो दिसलाही नव्हता. मला ओढून त्याने खाली बसवलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "गेल्या साली माजी म्हस गेली हितनंच. तिला बी असंच मागं सरकायची खोड."

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. डोळा कॅमेऱ्याला असताना पाय हलवायचा नाही. चौकट बसत नसेल तर कॅमेरा खाली घ्यायचा, वळायचं, जागा बघायची, जायचं, उभं राहायचं, मग डोळा लावायचा. मोबाईलला हेच लागू, जास्तच लागू, कारण सेल्फी काढणारा दरीकडे पाठ करूनच उभा असतो. कड्यापाशी एकाने काढायचं आणि दुसऱ्याने नुसतं बघत बसायचं. म्हणून तिघं जाताय ते बरं आहे. वाळलेल्या गवतावरही तसंच. डिसेंबरात ते उताराच्या दिशेने झोपलेलं असतं आणि बुटाखाली साबणासारखं सरकतं. गवताच्या उतारावर सरळ खाली न उतरता आडवं-आडवं उतर.

कातळाच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. पाटगावच्या बाजूला तर मधाचाच व्यवसाय आहे, तिथल्या माणसांना मोहोळाबद्दल विचार, ती नीट सांगतील. डिओ, अत्तर, केसांचं वासाचं तेल लावून जाऊ नका, कड्याखाली कुणाला सिगारेट पेटवू देऊ नका. तुझा मित्र ड्रोन आणणार आहे असं तू जाता जाता लिहिलंयस. त्याला तो घरी ठेवायला सांग. ड्रोनच काय, मित्रही घरी राहिला तरी चालेल. परवानगीची भानगड वेगळीच, पण मोहोळापुढे घोंघावणारा पंखा नेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

पावसाळ्यात इकडून चढता येईल का असंही तू विचारलंस. नको. वाट आणि ओढा एकच होतात. जुलैत डोंगरात जायचंच असेल तर पन्हाळा ते पावनखिंड चाल. १३ जुलै १६६० ची आठवण म्हणून दरवर्षी त्या दिवसांत पुष्कळ लोक चालतात, सोबत असते, चिखलही भरपूर असतो आणि चिखलातले चेहरे हा फोटोचा उत्तम विषय आहे. कॅमेऱ्याला रेनकोट घेण्यापेक्षा मोठी काळी छत्री आणि सुती पंचा ने. घरी आल्यावर लेन्स पिशवीत कोंडून ठेवू नको. माझी एक जुनी लेन्स मी एका पावसाळ्यात तशीच विसरलो. दिवाळीत काढली तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. अजून कपाटात आहे, दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना दाखवतो.

राहिला कॅमेरा बदलायचा प्रश्न. बदलू नको. आहे तो पुरून उरेल. लांब लेन्स नसेल तर विकत घेऊ नको, दोन दिवसांसाठी भाड्याने आण, शहरात मिळतात. वाचलेल्या पैशांतून चांगल्या पकडीचे बूट घे आणि ते आताच घे. नवे बूट नारूरच्या चढावर पहिल्यांदा घातलेस तर उतरताना अंगठ्यांची नखं काळी होतील. पंधरा दिवस कॉलेजला तेच घालून जा. रोज सकाळी पन्नास बैठका मार. उतरताना गुडघ्याच्या वरचा स्नायू सगळा भार घेतो, तो बैठकांनी तयार होतो. आणि जायच्या आधीच्या रविवारी पुन्हा बुधवार पेठेकडून पन्हाळा चढ, या वेळी रांगण्याला नेणार तेवढं पूर्ण ओझं घेऊन. चढताना दहाच फोटो काढ, दहाही बाजूने, प्रत्येकात एक तरी खोड उभं. घरी येऊन ते कापाकापी न करता तसेच मला दाखव. त्यातल्या दोनांत जरी चढ तिरपा दिसला तर आपण लेन्सच्या आकड्यांवर बोलू.